इलेक्ट्रॉनीय संगीत आणि ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन

विद्युत् आंदोलकांच्या साहाय्याने निर्माण केलेल्या, किंवा ध्वनिमुद्रित आवाजांवर इलेक्ट्रॉनीय संस्कार करून सिद्ध केलेल्या संगीतास इलेक्ट्रॉनीय संगीत म्हणतात. या संगीताचा एक प्रवाह चित्रपट, आकाशवाणी व मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्या यांच्या आश्रयाने वाढला. दुसरा प्रवाह अल्पसंख्य श्रोते, छोट्या प्रकाशन-संस्था व संग्राहक यांच्या आधारावर टिकून राहिला. या दुसऱ्या प्रवाहास सामान्यतः ‘भूमिगत’ संगीत असे संबोधतात. या संज्ञेत गुप्ततेपेक्षा प्रस्थापित बाजारपेठेबाहेरचे अस्तित्व अभिप्रेत असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिनाइलच्या ध्वनिमुद्रिका बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या, तेव्हा भूमिगत इलेक्ट्रॉनीय संगीतानेच त्यांचा वापर चालू ठेवला. पुढे जुन्या व विस्मृत ध्वनिमुद्रिका नव्याने काढण्याचा व्यवसायही याच वर्तुळात वाढीस लागला. या घडामोडीतील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला. १९८२ मध्ये तेथे तयार झालेली आणि २०१० मध्ये नेदर्लंड्समधून पुन्हा प्रकाशित झालेली चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका हा तो अध्याय होय.

ध्वनिमुद्रिकेची रचना व निर्मिती : टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, त्यात ध्वनी नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन सिद्ध केला. एका साच्यापासून अनेक प्रती दाबून काढता येणे हा तबकडीचा मोठा फायदा होता. आरंभीच्या तबकड्या मुख्यतः लाख व खनिज पूड यांच्या मिश्रणाच्या असून त्या मिनिटास सु. ७८ फेरे घेत. २५ सेंमी. व्यासाच्या अशा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावे. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची, मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादी ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

व्हिनाइल ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. लाखेसारख्या द्रव्याचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर प्रथम तापविलेल्या टोकदार सुईने सर्पिल खाच कोरली जाते. या चकतीवर चांदीचा अत्यंत पातळ थर देतात व त्यावर विद्युत् विलेपनाने निकेलचा जाड थर चढवितात. तो सोलून काढला म्हणजे खाचेची उलटी प्रतिकृती मिळते. तिच्यापासून ‘माता’ आणि मातेपासून ‘ठसा’ तयार करतात. यंत्रात दोन ठशांमध्ये तापविलेला व्हिनाइलचा गोळा ठेवून प्रचंड दाबाखाली तबकडी काढली जाते. प्रत्येक दाबाबरोबर ठसा थोडाथोडा झिजत असल्यामुळे त्यापासून मर्यादित प्रतीच काढता येतात. मूळ चकती व माता नष्ट झाल्यास ध्वनिफितीकडे वळावे लागते. तीही उपलब्ध नसल्यास एखादी चांगल्या स्थितीतील जुनी प्रत हाच एकमेव आधार उरतो. पुनर्प्रकाशनातील बहुतेक अडचणींचे मूळ यात आहे.

खाचेची रुंदी आणि संगीताचे स्वरूप यांचाही निकटचा संबंध आहे. खर्जातील जोरदार ध्वनीस रुंद खाच लागते व त्यामुळे एका बाजूवरील संगीताचा कालावधी कमी होतो. सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कमधील नृत्यगृहांसाठी ३० सेंमी. व्यासाच्या तबकडीवर एकच गीत मुद्रित करण्याची प्रथा सुरू झाली, ती याच कारणाने. पुढील काळातील इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीताची घडण बऱ्याच अंशी या तबकडीवर झाली.

भारतातील पूर्वेतिहास : फ्रेडरिक गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांपासून भारतातील या व्यवसायाची खरी सुरुवात मानली जाते. गोहरजान यांचे गायन त्याच वेळी मुद्रित झाले. १९०८ मध्ये कोलकात्यात तबकड्या दाबण्याचा कारखाना निघाला व पुढे तो दमदम येथे विस्तारला. महाराष्ट्रात नाट्यसंगीत, ख्याल, लावणी, पोवाडा, अभंग व विनोदी संवाद यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या गायनाचा जो भाग आज ऐकावयास मिळतो, तो मुख्यतः या तबकड्यांमुळेच होय. तीन मिनिटांच्या मर्यादेने गायकांना आलाप व ताना यांचा नेमका संक्षेप करावयास लावले आणि त्यातून एक स्वतंत्र गायनपद्धतीच उदयास आली. तंत्राची मर्यादा संगीताला कसे वळण लावते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परदेशी कंपन्यांच्या वर्चस्वाला उत्तर म्हणून मुंबईत १९३५ मध्ये ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढणारी देशी कंपनी सुरू झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भारतात सु. १९७० पर्यंत निघत होत्या. त्यानंतर दीर्घवादी तबकड्यांचा काळ आला. परंतु तो अल्पकाळच टिकला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ध्वनिफितींची कॅसेट ऐंशीच्या दशकात भारतात अतिशय स्वस्त झाली. लहान शहरांतील व्यापारी व स्थानिक कलावंत यांना तिच्यामुळे प्रथमच स्वतः प्रकाशन करणे शक्य झाले. ध्वनिमुद्रिकांची मागणी झपाट्याने घटली व नव्वदीच्या दशकात भारतातील त्यांचे उत्पादन थांबले. अनेक घरांतील तबकड्या भंगारात गेल्या, तर काही जुन्या बाजारांत आल्या.

या काळात ध्वनिमुद्रिकांचे जतन करण्याचे काम मुख्यतः हौशी संग्राहकांनी केले. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिने ध्वनिमुद्रिकांच्या सूची, कलावंतांची चरित्रे व कंपन्यांचा इतिहास यांचे लेखन नियतकालिकाच्या द्वारे प्रसिद्ध केले. सोलापूर येथेही या संस्थेचे कार्य रुजले व तेथील संग्राहकांनी जुन्या तबकड्या ऐकविण्याचे कार्यक्रम केले. गिरण्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरला लावणी, पोवाडा व नाटक यांची जुनी आवड होती. शाहीर राम जोशी याच शहरातले व शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातील बार्शीचे. उन्हाळ्यात तपमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाणाऱ्या या भागात व्हिनाइलच्या तबकड्या उभ्या व सावलीत ठेवाव्या लागतात. आडव्या रचून ठेवलेल्या वा उन्हात राहिलेल्या तबकड्या वाकतात व कायमच्या निकामी होतात.

इलेक्ट्रॉनीय वाद्यांचा प्रवेश : भारतीय श्रोत्यांस इलेक्ट्रॉनीय स्वराचा परिचय प्रथम चित्रपटसंगीतातून झाला. नागिन (१९५४) या हिंदी चित्रपटातील पुंगीचा गाजलेला आवाज हा पुंगीचा नव्हताच. हेमंतकुमार यांच्या संगीतदिग्दर्शनाखाली कल्याणजी यांनी तो क्लॅव्हिओलिन या फ्रेंच इलेक्ट्रॉनीय वाद्यावर वाजविला होता. सत्तरीच्या दशकात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मूग जातीचा सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आणला. आंदोलकाने निर्माण केलेला मूळ स्वर छानकातून गाळून त्याचा रंग बदलणे, हे या वाद्याचे मूलतत्त्व होय. ऐंशीच्या आरंभी डिस्को संगीताची लाट आली. कुर्बानी (१९८०) चित्रपटातील नाझिया हसन यांचे गीत व डिस्को डान्सर (१९८२) हा चित्रपट यांनी ती लाट गावोगाव पोहोचविली.

या काळात वाद्यवृंदातील वादकांचे स्थान विचारात घेण्याजोगे आहे. चित्रपटगीताच्या तबकडीवर संगीतदिग्दर्शक, गीतकार व गायक यांची नावे छापली जात. वादकांची नावे सहसा नसत. त्यांना प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सत्रामागे ठराविक मोबदला मिळे व तेथेच त्यांचा त्या गीताशी असलेला संबंध संपे. नवी वाद्ये ते बहुधा स्वखर्चाने आणीत. कारण नवा आवाज ज्याच्यापाशी असेल त्याला काम अधिक मिळे.

चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका : चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईतील अशा वादकांपैकीच एक होते. गिटार व सिंथेसायझर यांचे वादक म्हणून त्यांनी शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल इ. संगीतदिग्दर्शकांकडे काम केले. सिंगापूर येथून त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन वाद्ये आणली : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जातील स्वरावली वाजविणारे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यांपैकी पहिले १९८० मध्ये व उरलेली दोन १९८१ मध्ये बाजारात आली होती. विविध कंपन्यांची वाद्ये परस्परांस जोडणारी ‘मिडी’ ही प्रमाणित पद्धती १९८३ मध्ये अवतरली. तिच्या आधीच तालयंत्राच्या विद्युत् स्पंदांवर इतर वाद्ये चालविण्याची व्यवस्था या यंत्रांत होती.

या वाद्यांच्या आधारे सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट ही दीर्घवादी ध्वनिमुद्रिका तयार केली. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती प्रकाशित केली. नावाप्रमाणेच तीत दहा रागांवर आधारलेल्या रचना असून त्यांत ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी इ. राग आहेत. प्रत्येक रचना सु. पाच मिनिटांची आहे. म्हणजे एका बाजूवर सु. २५ मिनिटांचे संगीत बसविलेले आहे. खर्जप्रधान संगीताच्या दृष्टीने ही मर्यादा ताणणारी मांडणी होय.

या रचनांची घडण साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. तालयंत्राचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाने पडतो. त्यामुळे भारतीय तालातील सम, टाळी, खाली यांचा भेद उरत नाही. खर्जातील यंत्र रागातील निवडक स्वरांची छोटी आवली अखंड फिरवीत राहते. तानपुऱ्याने जो स्थिर आधार द्यावयाचा, तो येथे फिरत्या स्वरावलीने दिला आहे. वरच्या सप्तकांत ज्युपिटर-८ वर आलापवजा व द्रुत गतीचे वादन होते. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य गिटारवादकांच्या साथीसाठी ती केलेली होती. तथापि भारतीय कानाला तीत मींडेची अंधुक आठवण होते. उलट, ही वाद्ये समान अंतराच्या बारा स्वरांत बांधलेली असल्यामुळे तोडी वा ललत यांतील स्वरांची सूक्ष्म स्थाने त्यांवर जशीच्या तशी मिळत नाहीत. या दृष्टीने ही रागाची मांडणी नसून रागाच्या स्वरपंक्तीवर उभारलेले यंत्रसंगीत आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. तिचे मोल ठरविताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

विस्मृती व पुनर्प्रकाशन : प्रकाशनाच्या वेळी या ध्वनिमुद्रिकेस व्यावसायिक यश लाभले नाही. अभिजात संगीताच्या श्रोत्यांना तीत डिस्कोचा गोंगाट वाटावा व डिस्कोच्या चाहत्यांना गीत आणि गायक यांची उणीव भासावी, अशीच तिची घडण होती. कॅसेटच्या प्रसारामुळे तबकड्यांचा बाजारही तोवर आकसू लागला होता. ध्वनिमुद्रिका दोन दशके विस्मृतीत राहिली.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकास दिल्लीत तिची एक प्रत मिळाली. पुढे त्याने मुंबईत सिंग यांचा शोध घेतला व २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या प्रकाशन-संस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. यूरोपातील नृत्यसंगीताच्या वर्तुळात तिची तत्काळ दखल घेतली गेली. सत्तरीच्या घरातील सिंग यांना यूरोपात वादनासाठी निमंत्रणे आली व तीस वर्षांपूर्वीच्या रचना त्यांनी नव्या पिढीच्या श्रोत्यांपुढे सादर केल्या. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी आयुष्यभर वादन केले, तेथे त्यांचे नाव परदेशातील वृत्तांवरून परिचित झाले, ही गोष्ट भारतीय संगीतव्यवसायाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

अग्रक्रमाचा प्रश्न : या ध्वनिमुद्रिकेच्या पुनर्प्रकाशनानंतर ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीतप्रकाराचा जन्म शिकागोऐवजी मुंबईत झाला, असे प्रतिपादन केले जाऊ लागले. शिकागो येथील फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ मध्ये निघाली व ती या प्रकाराची आद्य कृती मानली जाते. तीतही टीबी-३०३ यंत्राचाच विशिष्ट आवाज प्रमुख आहे. कालक्रमाने मुंबईची ध्वनिमुद्रिका पाच वर्षांनी आधीची आहे, हे निर्विवाद. परंतु शिकागोच्या कलावंतांनी ती ऐकली होती, याला कोणताही पुरावा नाही. कालातील अग्रक्रम आणि प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी होत.

दोहोंमधील साम्याचा उलगडा यंत्राच्या इतिहासावरून होतो. गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेले टीबी-३०३ त्या कामी अपुरे ठरले व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्यानंतर अमेरिकेत ते जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोतील तरुणांनी त्याच्या छानकाच्या कळा फिरवून अनपेक्षित आवाज काढले. मुंबईत एका अनुभवी वादकाने तेच यंत्र नवे असताना रागाच्या स्वरांसाठी वापरले. एकाच साधनातून दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांपोटी, सारखे वाटणारे संगीत निर्माण झाले. सिंग यांना एका परकीय प्रकाराचे जनक ठरविण्याने त्यांच्या कार्याचे मोल वाढत नाही. उपलब्ध यंत्राकडून आपल्या संगीतपरंपरेला उपयोगी पडेल असे काम करून घेणे, हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय.

समकालीन व समांतर प्रयत्न : भारतातील इलेक्ट्रॉनीय संगीताचा इतिहास याहूनही जुना आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह एक ध्वनिप्रयोगशाळा उभारण्यात आली. गीता साराभाई यांचा या उपक्रमाशी संबंध होता. तेथील भारतीय कलावंतांनी केलेल्या प्रयोगांच्या ध्वनिफिती अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये लंडनहून प्रकाशित झाला. कोलकात्याच्या गायिका रूपा बिस्वास यांची कॅनडात तयार झालेली डिस्को जाझ (१९८२) ही तबकडीही अशीच विस्मृतीत गेली होती. २०१९ मध्ये ती अमेरिकेतून पुनर्प्रकाशित झाली. या तिन्ही उदाहरणांत निर्मिती भारतीय कलावंतांची, तर पुनःशोध व प्रकाशन परदेशातील संस्थांचे, असे चित्र दिसते.

गोव्यात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हणजूण व वागातोर येथील किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांच्या मेळाव्यांतून ‘गोवा ट्रान्स’ हा इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीताचा प्रकार आकारास आला. किनाऱ्यावरील उष्णता, वाळू व दमट हवा व्हिनाइलला मानवत नसल्याने तेथे कॅसेट व पुढे अंकीय ध्वनिफिती यांचा वापर होई. मुंबईत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ‘भविष्यवाणी फ्यूचर साउंड्झ’ यांसारख्या गटांनी चित्रपटसंगीताबाहेरील इलेक्ट्रॉनीय संगीताची मैफल रुजविण्याचा प्रयत्न केला. त्याच सुमारास ब्रिटनमधील दक्षिण आशियाई कलावंतांच्या ‘एशियन अंडरग्राउंड’ या प्रवाहासही मान्यता मिळाली. तलविन सिंग यांच्या ओके या संग्रहास १९९९ मध्ये तेथील मर्क्युरी पारितोषिक लाभले.

हक्क व मोबदला : पुनर्प्रकाशनाचा प्रश्न कायद्याशी निगडित आहे. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जाते. १९९२ मधील दुरुस्तीने ती ५० वर्षांऐवजी ६० वर्षे करण्यात आली. म्हणजे १९८२ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मूलतः निर्मात्याकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे असतो. वादक व गायक यांच्या सादरीकरणाचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मान्य झाला आणि व्यावसायिक वापरातील त्यांचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट करण्यात आला. ज्या वादकांनी साठ ते ऐंशीच्या दशकांत काम केले, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद फार उशिरा आली. पुनर्प्रकाशन करणाऱ्याने मूळ कलावंतास शोधून काढणे, त्याची संमती घेणे व त्याला वाटा देणे हे कायद्याइतकेच नीतीचेही कर्तव्य ठरते. जुन्या बाजारात एखाद्या दुर्मिळ तबकडीला मोठी किंमत येते, तेव्हा तीतील एकही पैसा कलावंताच्या हाती जात नाही. अधिकृत पुनर्प्रकाशनाने मात्र ती वाट खुली होऊ शकते.

व्हिनाइलचे पुनरागमन : अमेरिकेत २०२० मध्ये व्हिनाइलच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या उत्पन्नाहून अधिक झाले. याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील एका कारखान्यास आग लागली. खाच कोरण्यासाठी लागणाऱ्या चकत्या बनविणारे जगात दोनच प्रमुख उत्पादक होते व त्यांपैकी हा एक होता. या घटनेने या व्यवसायाचा पाया किती अरुंद आहे, हे दिसून आले. भारतात जुन्या चित्रपटसंगीताच्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या. प्रारंभी त्या परदेशात दाबून आणल्या जात. २०२४ मध्ये नवी मुंबई येथे तबकड्या दाबण्याचा कारखाना सुरू झाला. अनेक वर्षांच्या खंडानंतर महाराष्ट्रात ही विद्या पुन्हा अवतरली, ही महत्त्वाची घटना होय. तथापि व्हिनाइलची एक प्रत बहुसंख्य श्रोत्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याने तिचा ग्राहकवर्ग मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे.

नवे लोकसंगीत व जतनाचा प्रश्न : महाराष्ट्रातील आजचे सर्वांत मोठे भूमिगत इलेक्ट्रॉनीय संगीत मात्र तबकडीवर नाही. सोलापूर, पंढरपूर, सांगली, कोल्हापूर या भागांत मिरवणुका व जत्रांसाठी संगणकावर तयार होणारे संगीत ‘डीजे’ या नावाने ओळखले जाते. हलगी, संबळ, ढोलकी यांचे ठोके संगणकात घेऊन त्यांच्या जोडीला खर्जातील इलेक्ट्रॉनीय ध्वनी, भक्तिगीते, भीमगीते वा लावणीची चाल यांची बांधणी केली जाते. त्याचे कर्ते बहुधा लहान गावांतील तरुण असून ते पुस्तकी शिक्षणाशिवाय हे तंत्र आत्मसात करतात. हे संगीत भ्रमणध्वनी व स्मृतिपत्रे यांतून हातोहात पसरते. आपले नाव हरवू नये म्हणून अनेक कर्ते रचनेच्या मध्येच स्वतःच्या नावाचा पुकारा घालतात. तबकडीवरील गोल कागदाने जे काम केले असते, ते येथे आवाजाला करावे लागते.

या संगीताची दुसरी बाजू गंभीर आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धकास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंदीस दुजोरा दिला. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती ही मर्यादा सहज ओलांडतात. वृद्ध, रुग्ण व बालके यांना होणाऱ्या त्रासामुळे सोलापूरसह अनेक शहरांतील नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आहे. आवाजाच्या पातळीस असलेला विरोध रास्तच आहे; परंतु त्यामुळे त्या संगीताच्या घडणीची नोंदच घेऊ नये, असे मात्र नाही. डिस्कोच्या ठोक्यावरील रागांची १९८२ साली उपेक्षा झाली, ती याच प्रकारच्या दुर्लक्षामुळे.

भारतातील ग्रंथप्रदान अधिनियम (१९५४) हा ग्रंथ व नियतकालिके यांपुरताच आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे देण्याचे बंधन त्यात नाही. परिणामी ध्वनिमुद्रणांचे जतन कंपन्यांची गोदामे, काही संशोधनसंस्था व खाजगी संग्राहक यांच्यावर अवलंबून राहिले. तबकडीस निदान जड वस्तूचे आयुष्य असते. ती वीस वर्षे एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिली, तरी सुई टेकविताच पुन्हा बोलू लागते. चरणजित सिंग यांची कृती वाचली ती यामुळेच. संगणकातील ध्वनिसंचिकेस असे आयुष्य नसते. यंत्र बिघडले वा स्मृतिपत्र हरवले की तिचा मागमूस उरत नाही. आज सोलापूर वा पंढरपूर येथे तयार होणारे संगीत आणखी तीस वर्षांनी कोणास ऐकावेसे वाटले, तर त्याची एक तरी प्रत, कर्त्याच्या नावासह, कोठेतरी सुरक्षित असावी लागेल. ध्वनिमुद्रिकांच्या पुनर्प्रकाशनाचा इतिहास हा मुळात अशा वाचलेल्या एकेका प्रतीचा इतिहास आहे.